बक म्हणजे हरीण नव्हे

परवा रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. "मावशी जागी आहेस का? बक बास्केट म्हणजे काय गं? हरणं ठेवायची टोपली??" ती इंग्रजी घेऊन बीए करतेय, दुसऱ्या दिवशी शेक्सपिअरचा पेपर, आणि तिच्या गाईडमध्ये त्या शब्दापुढे नुसतं 'कपड्यांची टोपली' एवढंच छापलेलं. मी आधी पोटभर हसले, मग टाइप करायला घेतलं, तीन ओळींत आटपेल असं वाटलेलं उत्तर काही आटपेचना. शेवटी तिला म्हटलं, झोप आता, पेपरात 'मळक्या धुण्याची टोपली' लिही, मार्क मिळतील. ती झोपली. मी मात्र दोन वाजेपर्यंत डिक्शनऱ्या उघडून बसले होते आणि सकाळी नवरा म्हणाला, रात्रभर कुणाचं धुणं धूत होतीस?

तर ते हे धुणं.

आधी टोपलीची गोष्ट, कारण ती भारी आहे. नाटक 'द मेरी वाइव्हज ऑफ विंडसर', छापून आलं १६०२ साली. फॉलस्टाफ नावाचा एक ढेरपोट्या, कर्जबाजारी, स्वतःला फार देखणा समजणारा सरदार विंडसर गावातल्या दोन सुखवस्तू बायकांना एकसारखी प्रेमपत्रं पाठवतो, नुसती नावं बदलून, आजच्या भाषेत कॉपी-पेस्ट. त्या दोघी मैत्रिणी, पत्रं शेजारी शेजारी ठेवून बघतात आणि ठरवतात की याची जिरवायची. फोर्डबाई त्याला घरी बोलावते, तेवढ्यात नवरा आल्याची बोंब होते, आणि घाबरलेल्या फॉलस्टाफला त्या मळक्या कपड्यांच्या मोठ्या टोपलीत कोंबतात, वरून घामट सदरे, मोजे, तेलकट फडकी. दोन गडी ती टोपली उचलून थेम्सकाठी नेतात आणि त्याला चिखलपाण्यात ओततात. तो नंतर रडगाणं गातो की घोड्याचा तापलेला नाल पाण्यात बुडवून विझवावा तसा मी विझलो.

पण मला आवडते ती दाराशी झालेली बाचाबाची. टोपली बाहेर चाललेली असते, संशयी नवरा समोर उभा, विचारतो, हे कुठे चाललंय? आणि बायको फाडकन म्हणते, कुठे का जाईना, तुम्हाला काय करायचंय, आता धुण्यातही लक्ष घालणार वाटतं? झालं, नवरा गप्प. टोपली निघून जाते. म्हणजे बघा, तो अख्खा बनाव उभा आहे तो एका गोष्टीवर, की कुठलाही पुरुष मळक्या धुण्याच्या टोपलीत डोकावत नाही. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच. (पुढच्या वेळी तो डोकावतो, सगळे कपडे उपसून बाहेर फेकतो, पण तेव्हा फॉलस्टाफ टोपलीत नसतोच, तो म्हाताऱ्या बाईचं लुगडं नेसून, म्हणजे तिकडचा झगा घालून, समोरून मार खात बाहेर पडतो.)

तर त्या बाचाबाचीत बायकोच्या तोंडी शब्द येतो 'बक वॉशिंग', आणि नवरा तो शब्द पकडून वेड्यासारखा बक, बक, बक करत सुटतो. कारण बक म्हणजे नर हरीणही, हरणाला शिंगं, आणि बायको दुसऱ्याच्या नादी लागली की नवऱ्याला शिंगं फुटतात ही तिकडची जुनी चेष्टा. त्याला धुणं ऐकू येतच नाही, शिंगंच ऐकू येतात. चारशे वर्षांनी माझ्या भाचीलाही हरीणच ऐकू आलं, फक्त तिच्या बाबतीत विनोद हरवून गेलाय, कारण तो दुसरा बक, धुण्याचा, आता कुणाच्या कानात उरलेलाच नाही.

हा बक हरणाच्या बकचा कुणी लागत नाही. जुनं रूप 'बूकन', चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत सापडतं, अर्थ राखेच्या खारात कपडे भिजवून, उकळत्या पाण्याने धुणं. त्याचे भाऊबंद जर्मनमध्ये आहेत, डॅनिशमध्ये आहेत, स्वीडिशमध्ये 'ब्यूका' आहे. इटालियनमध्ये तर तो अजून टुणटुणीत आहे, घरचं धुणं म्हणजे 'बुकातो', रोज वापरतात. फ्रेंचमध्ये त्याचं काय झालं ते मला फार आवडलं. तिथे 'ब्युए' म्हणजे आधी हे खाराचं धुणं होतं, मग त्या धुण्यातून निघणारी वाफ, आणि आता फक्त वाफ. थंडीत खिडकीच्या काचेवर, चष्म्यावर जे धुकं जमतं ना, त्याला ब्युए म्हणतात. कपडे गेले, राख गेली, बाया गेल्या, काचेवरची वाफ तेवढी राहिली.

आता 'बकेट' पण यातलीच असणार असं तुम्हाला वाटलंच असेल, मलाही वाटलं, रात्री साडेअकराला मी खुर्चीतून उठलेच होते आनंदाने. पण नाही. बादलीवाली बकेट वेगळ्या घरची, जुन्या इंग्रजीत 'बूक' म्हणजे मडकं किंवा पोट, तिकडून ती आली असं कोशकार मानतात. जर्मनमध्ये पोटाला अजून 'बाउख' म्हणतात. शब्दांच्या बाबतीत चेहरा जुळला म्हणून सोयरीक जमवायला जाऊ नये.

पण खरी मजा अर्थात आहे. बक म्हणजे तो राखेचा खार. बक म्हणजे त्या खारात कपडे धुण्याची क्रिया. आणि बक म्हणजे एका वेळी धुवायला निघालेला कपड्यांचा ढीगसुद्धा. तीन वेगळ्या गोष्टी, शब्द एकच. इंग्रजी कोशात हे वाचताना जरा गोंधळल्यासारखं होतं, पण मराठी माणसाला यात काही अवघड वाटायचं कारणच नाही, कारण आपलं 'धुणं' तसंच आहे. "धुणं झालं का?" म्हणजे काम. "धुणं वाळत घाल" म्हणजे कपडे. "आज धुणं फार आहे" म्हणजे नक्की काय ते विचारू नका, काम आणि कपडे आणि पाठदुखी सगळं मिळून एकच. मला वाटतं जे काम करणारीला कपडा आणि कष्ट वेगळे दिसतच नाहीत, त्या कामाचे शब्द असेच बनतात.

हा बक करायचे कसे तेही सांगते, कारण मला वाचूनच आजीची मोरी आठवली. एक मोठं लाकडी पिंप, बुडाशी भोक. ते तिवईवर चढवायचं, भोकाखाली दुसरं भांडं. तळाला काटक्या टाकायच्या, म्हणजे भोक बुजणार नाही. मग कपडे, थरावर थर, नीट पसरून. सगळ्यात वर एक जाडंभरडं कापड, पिंपाच्या काठाबाहेर लोंबेल एवढं मोठं. त्या कापडावर चुलीतली चाळलेली राख. आणि राखेवर पाणी. आधी कोमट, कारण एकदम उकळतं ओतलं तर डाग पक्के बसतात, मग जास्त गरम, मग आणखी गरम. पाणी राखेतून झिरपतं, खार घेऊन कपड्यांतून उतरतं, खाली पिवळट तपकिरी होऊन भांड्यात जमतं. तेच पुन्हा तापवायचं, पुन्हा वरून ओतायचं. पुन्हा. पुन्हा. अख्खा दिवस हेच. दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन बडवायचे, खळबळायचे, पिळायचे आणि गवतावर नाहीतर कुंपणावर पसरायचे. हे रोज नव्हे बरं का, काही आठवड्यांनी, श्रीमंताकडे तर काही महिन्यांनी एकदा. आज आपण 'महिनाभर कपडे धुतले नाहीत' ऐकून नाक मुरडू, पण तिथे ते ऐश्वर्याचं लक्षण होतं, की बघा आमच्याकडे एवढ्या चादरी आणि एवढे सदरे आहेत की धुणं काढायची वेळच लवकर येत नाही.

यात साबण कुठे आहे? नाहीच. साबण महाग होता. लाकडाच्या राखेत पोटॅश असतं, पाण्यात उतरलं की ते खारट-बुळबुळीत पाणी होतं, आणि तेलकट मळाशी त्याची गाठ पडली की त्या मळाचाच थोडाफार साबण बनतो, तिथल्या तिथे, कपड्यातच. मळानेच मळ धुवायचा! पोटॅश हा शब्दही सरळ त्या चुलीतून आलाय, पॉट आणि अ‍ॅश, भांड्यात आटवलेली राख. १८०७ साली हम्फ्री डेव्हीने त्यातून नवा धातू वेगळा काढला तेव्हा त्याचं नाव पडलं पोटॅशियम, म्हणजे शाळेत आपण जो आवर्ती तक्ता घोकला त्यात एक चौकोन धुणंभांड्यांच्या राखेचा आहे. आपल्याकडे खताच्या पोत्यावर 'नत्र स्फुरद पालाश' असतं, त्यातलं पालाश ते हेच.

राख कमी पडली तर? तर दुसरा खार घरातच तयार होत होता, रात्रीच्या भांड्यात. हो, तेच. शिळं मूत्र साठवून ठेवायचे, त्यात अमोनिया तयार होतो, तो मळ काढतो. त्याला 'चेंबर लाय' असं भारदस्त नाव होतं. यावर मी जास्त लिहीत नाही, जेवता जेवता वाचणारे पुष्कळ असतात.

आजीच्या वाड्यात मी राखेने कपडे धुतलेले पाहिले नाहीत, तोपर्यंत धुण्याचा सोडा आला होता. पण दिवाळीआधीचं ते मोठं धुणं मला लख्ख आठवतं. परसात तीन दगड मांडून त्यावर काळंठिक्कर पडलेलं पातेलं, त्यात सोडा आणि किसलेला पिवळा बार, त्यात चादरी, अभ्रे, आजोबांची धोतरं, आणि आजी एका लांब काठीने ते सगळं ढवळतेय, चेहरा वाफेत, चष्मा कपाळावर. तिचे हात त्या दिवसानंतर आठवडाभर सुरकुतलेले आणि पांढरे असायचे, खोबरेल चोळत बसायची. आणि बंबातली राख वाया जायची नाही, ती भांड्यांना. राख, सोडा, साबण हे माझ्या डोक्यात कधी वेगळे नव्हतेच, एकाच मोरीतली भावंडं.

धुण्याच्या या कामातून इंग्रजीत आणखी एक शब्द निघाला आणि तो फिरत फिरत चक्क पुण्यात आला. कपडे बडवायच्या लाकडी फळीला इंग्रजीत 'बॅटलडोर' म्हणायचे. १४४० च्या सुमाराचा एक इंग्रजी-लॅटिन कोश आहे, त्यात या शब्दाचा अर्थच 'धुण्याचं बडवणं' असा दिलाय. पुढे तशाच आकाराच्या फळीने पोरं पिसं लावलेलं बूच उडवायला लागली, त्या खेळाचं नाव पडलं बॅटलडोर अँड शटलकॉक. आणि १८७० च्या दशकात पुण्याच्या कॅम्पातले ब्रिटिश अधिकारी मध्ये जाळी लावून त्याचीच सुधारलेली आवृत्ती खेळत होते, नियम करत होते, खेळाला 'पूना' असंही नाव होतं. तेच बॅडमिंटन. आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी जे काका लोक फूल हरवलं म्हणून भांडतात, त्यांच्या हातात मुळात परटिणीचं धोपटणं आहे हे त्यांना सांगायची माझी फार इच्छा आहे.

बरं, पुन्हा बककडे.

हा शब्द जिथे सापडतो तिथे तो जवळजवळ नेहमी दुसऱ्याच कशासाठी तरी वापरलेला असतो, हे माझ्या बारा वाजता लक्षात आलं. चौदाव्या शतकातलं विल्यम लँगलंडचं 'पिअर्स प्लाउमन' हे लांबलचक काव्य, त्यात चॅरिटी नावाचं एक पात्र आहे, मूर्तिमंत करुणा म्हणा. तो काय करतो, तर माणसाचा गर्व आणि गर्वाचं सगळं गाठोडं गोळा करतो, छातीच्या पिंपात घालून त्याचा बक करतो, बडवून बडवून स्वच्छ करतो, आणि शेवटी डोळ्यांतल्या कोमट पाण्याने खळबळतो. काय सुंदर आहे हे! अश्रू म्हणजे धुण्याचं शेवटचं पाणी. आणि ज्याला कुणाला हे सुचलं त्याने बक जवळून पाहिलेला असणार, कारण क्रम बरोबर आहे, आधी खार, मग बडवणं, मग पाणी. मला लगेच तुकोबा आठवले, मनच निर्मळ नसेल तर साबण काय करणार असं विचारणारे. तुकोबांच्या वेळी आपल्याकडे साबण हा शब्द ओव्या-अभंगांत यावा इतका रुळला होता म्हणजे, आणि तोही लॅटिन 'सापो', अरबी 'साबून' यांच्या कुळातला, इंग्रजी 'सोप'चा लांबचा भाऊ. पण तुकोबा साबणावर प्रश्न टाकतात आणि लँगलंड थेट मोरीत उतरतो.

दुसरं उदाहरण पुन्हा शेक्सपिअरचंच. 'हेन्री सहावा'च्या दुसऱ्या भागात जॅक केड हा बंडखोर स्वतःच्या आणि बायकोच्या खानदानाच्या मोठमोठ्या बाता मारत असतो, आणि त्याच्या मागे उभी असलेली त्याचीच माणसं हळूच एकेक फुगा फोडत असतात. त्यातला एक म्हणतो, हिला आता बोचकं घेऊन गावोगाव फिरणं झेपत नाही, म्हणून हल्ली घरीच बक धुते. प्रेक्षक हसले असणार. धुणं धुणारी, म्हणजे हलकी, म्हणजे हसायला हरकत नाही. आजच्या इंग्रजीत ही ओळ वाचली तर आणखी मजा, बक म्हणजे डॉलर, बाई घरी बसून डॉलर धुतेय! थेट मनी लाँडरिंग, दारात ईडीची गाडी. पण तो हशा वेगळा, आणि त्या बाईवर पिकलेला हशा वेगळा.

म्हणजे बघा. एका ठिकाणी धुणं म्हणजे प्रियकर लपवायची जागा, एका ठिकाणी शिंगांवरची कोटी, एका ठिकाणी आत्मशुद्धीची उपमा, एका ठिकाणी टोमणा. धुणारी कुठेय? सॅम्युअल पेपिसच्या डायरीत ती एकदा ओझरती दिसते. १६ जानेवारी १६६०, लंडन. तो लिहितो की रात्री पहारेकरी खिडकीखालून घंटा वाजवत गेला, एक वाजून गेला, थंडीची, बर्फाळ, वाऱ्याची पहाट. आणि मग मी झोपायला गेलो, बायको आणि मोलकरीण अजून धूतच होत्या. एवढंच. पेपिस तसा प्रामाणिक माणूस, आपण झोपलो हेही लिहून ठेवतो. पण मी त्या वाक्याशी बराच वेळ थांबले. रात्री एक, बाहेर बर्फ, हात खारट पाण्यात. डायरी त्यांनी लिहिली असती तर त्यात काय असतं?

आणि मग मला कळलं की लिहिलंय. एकीने लिहिलंय. मेरी कॉलिअर, हॅम्पशरमधल्या पीटर्सफील्डची धुणं धुणारी बाई. झालं असं की स्टीफन डक नावाच्या शेतमजुराने मळणीच्या कष्टांवर कविता लिहिली, खूप गाजली, अगदी राणीपर्यंत पोचली. त्यात त्याने जाता जाता बायकांना टोला हाणला की या शेतात नुसत्या गप्पा मारतात. मेरीबाईने ती कविता वाचली आणि १७३९ साली उत्तर छापलं, 'द वूमन्स लेबर'. त्यात धुण्याचं सगळं आहे. पहाट व्हायच्या कितीतरी आधी, चांदण्या असताना, मोठ्या घराच्या दाराशी जाऊन थंडीत उभं राहायचं, आतली मोलकरीण दमून झोपलेली, ती दार उघडेपर्यंत कुडकुडायचं. मग मलमल, लेस, झालरी, मालकिणीच्या सूचना, की साबण जपून, जळण जपून, कपडा फाटता कामा नये. हातांतून नुसता घाम नाही, रक्तही निथळतं असं ती सरळ लिहिते. आणि दिवस बुडाल्यावर हातावर काय पडतं, तर सहा नाहीतर आठ पेनी. शेतात गप्पा मारणारी बाई! स्टीफन डकचं पुढे भलं झालं, राजाश्रय मिळाला. मेरी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत धुणीच धूत होती. पुस्तक तिने स्वतःच्या पैशाने छापलं, आणि नंतर लिहून ठेवलं की माझं नुकसान नाही झालं पण फायदाही फार नाही, फायदा दुसरेच घेऊन गेले. हे वाक्य वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, रात्री दीडला, कारण स्वखर्चाने कवितासंग्रह काढलेली प्रत्येक बाई हेच सांगेल.

तिकडे हे काम बाईचं म्हणून हलकं, आपल्याकडे ते जातीचं. बारा बलुतेदारांत परीट. पुरुषही धुणार, बाईही धुणार, पोरंही घाटावर, आणि बाकी गावाने कडक परीटघडीचे कपडे घालून लग्नाला जायचं. लपवायची टोपली दोन्हीकडे सारखीच, फक्त तिकडे ती घरातल्या घरात लपली, आपल्याकडे गावाच्या कडेला. यात कुठलं बरं हे मी ठरवत बसणार नाही.

आमच्याकडे यायचे ते परीटमामा. दर सोमवारी यायचे, ओटीवर बसायचे, आजी एका लांबट वहीत लिहायची, सदरे ४, धोतरं २, चादरी ३, आणि वही त्यांच्याकडे नाही, आमच्याकडे राहायची, याचा अर्थ मला फार उशिरा कळला. त्यांच्या भट्टीवर मी एकदा गेले होते. बककडे पाहताना मला सारखी ती भट्टी दिसत होती, कारण रसायन तेच, दिशा उलटी. तिकडे खार वरून ओततात आणि तो कपड्यांतून खाली उतरतो. भट्टीत कपडे सोड्याच्या पाण्यात आधीच बुचकळून, पिळून, उकळत्या भांड्याच्या तोंडावर गोल रचतात, आणि खालून येणारी वाफ रात्रभर त्यांच्यातून वर चढते. सकाळी तो ढीग उतरवला की जो वास येतो त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही, गरम, ओला, थोडासा भाजलेला. फ्रेंचांना तेवढ्यासाठी ब्युए मिळाला असेल, आपल्याला नुसतं 'भट्टीचे कपडे'.

आणि बिब्बा. शंभर घरांचे कपडे एका भट्टीत, मग कुणाचं धोतर कुणाचं कसं कळणार, तर कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाची खूण. त्यावर चुना लावला की काळी पक्की बसते, कितीही उकळा जात नाही. इंग्रजांनी हे बघितलं आणि बिब्ब्याच्या फळाला नावच दिलं 'मार्किंग नट'. फळाचं नाव परटाच्या कामावरून! पण बिब्बा तो बिब्बा, अंगावर उतायचाच. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सोल्जरांच्या मानेवर बरोबर कॉलरच्या खुणेच्या जागी पुरळ उठायला लागला, डॉक्टर चक्रावले, शेवटी शोध लागला की धोब्याची खूण. युद्धाच्या कामात शब्दशः बिब्बा घातला म्हणायचा. धोबी हा शब्द तर त्यांच्या आरमाराने कायमचाच उचलला, ब्रिटिश नौदलात आजही कपडे धुण्याला 'धोबीइंग' म्हणतात. म्हणजे स्वतःचा बक गमावलेल्या भाषेने आपला धोबी ठेवून घेतला.

बक गेला कसा, तर एका घावात नाही. लंडनमध्ये लाकूड महागलं, चुलीत दगडी कोळसा आला, आणि कोळशाच्या राखेत तो खार नसतो. राखच निकामी, मग साबण घ्या. साबणावर १७१२ पासून कर होता तो १८५३ साली ग्लॅडस्टनने उठवला, तोवर कारखान्यात मिठापासून सोडा बनायला लागला होता, तो स्वस्त झाला. कापड पांढरं करायला जिथे आधी खार, ताक आणि महिनोन्‌महिने गवतावरचं ऊन लागायचं, तिथे १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं आणि महिन्यांचे दिवस झाले. बक घरातून उठून गिरणीत गेला, लँकेशरच्या ब्लीचिंग खात्यात 'बाउक' म्हणून काही काळ कामाला होता, आणि तिथेच निवृत्त झाला. आमच्याकडे गॅसचं सिलिंडर आलं त्या वर्षी आजी म्हणाली होती, आता भांडी कशाने घासायची? आम्हाला वाटलं म्हातारी काहीही बोलते.

भाचीचा पेपर चांगला गेला. प्रश्न आलाच नाही टोपलीवर. मी तिला हे सगळं थोडक्यात सांगत होते, मेरी कॉलिअर तिला आवडली, ईडीच्या जोकवर हसली, मग मध्येच म्हणाली, "मावशी, बिब्बा म्हणजे काय?"

मी म्हटलं थांब, दाखवते. माझ्याकडे आजीची एक चादर आहे, जाड, पांढरी, कपाटात सगळ्यात खाली. तिच्या कोपऱ्यात परीटमामांची खूण आहे, एक उभी रेघ आणि बाजूला दोन टिंबं, पन्नासेक वर्षं होऊन गेली, काळीभोर. फोटो काढून पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, आणि मग मेसेज.

"अगं टाकू नकोस, हा डाग व्हॅनिशने जाईल बघ."